जहाजाचं सीएफडी शिकताना: आधी वही, मग संगणक

मेकॅनिकल इंजिनिअरिंग संपवून ठाकुर्ली-डोंबिवलीतून रोज मुंबईची वाट धरणाऱ्या मुलामुलींचा एक प्रश्न हल्ली वारंवार कानावर येतो. सीएफडीचा, म्हणजे संगणकावर प्रवाहाचा हिशोब करण्याचा, कोर्स केलाय, जहाजांच्या डिझाइनमध्ये शिरता येईल का? येईल. पण कोर्समध्ये ज्या क्रमाने शिकवलं जातं, तो क्रम जहाजाच्या कामात उलटा करावा लागतो. कोर्समध्ये पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर उघडतं, दुसऱ्या दिवशी मेश, आठवड्याभरात रंगीत चित्रं. आलेलं उत्तर खरं की खोटं हे तपासायचं शेवटी, तेही वेळ उरला तर. जहाजाच्या डिझाइन ऑफिसात मात्र सुरुवातच तिथून होते. या हलला, म्हणजे जहाजाच्या धडाला, या वेगाने पाण्याचा रेझिस्टन्स किती, आणि तुमच्या आकड्यावर किती टक्के भरवसा ठेवायचा? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येणारा माणूस घडवणं हे खरं प्रशिक्षण. बाकीचं, म्हणजे कुठलं बटण कुठे आहे, ते दोन-तीन महिन्यांत कुणालाही येतं.

हा लेख दोघांसाठी आहे: जो या क्षेत्राकडे वळू पाहतोय त्याच्यासाठी, आणि ज्याच्या हाताखाली असे दोन-चार नवे अभियंते शिकायला आले आहेत त्याच्यासाठीही.

आत्ताच हे का शिकायचं, त्याला कारणं आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांचं पॅकेज मंजूर केलं. जगाच्या जहाजबांधणीत आपला वाटा आजही एक टक्क्याहून कमी आहे. तो वाढवायचा तर नुसते पोलाद कापणारे आणि वेल्डिंग करणारे हात पुरणार नाहीत, हलचा आकार ठरवणारी माणसं लागतील. दुसरं कारण जागतिक नियमांचं. चालू जहाजांची ऊर्जाक्षमता मोजणारा ईईएक्सआय हा निर्देशांक १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. त्यातला जहाजाचा संदर्भ-वेग ठरवायला जहाजांना प्रमाणपत्र देणाऱ्या क्लासिफिकेशन सोसायटीच्या संमतीने सीएफडीचा आधार घेता येतो. पण संमती मिळते ती हिशोब मोजमापांशी ताडून दाखवल्यावर. जो ताडून दाखवू शकतो, त्याला काम आहे.

आणि आपल्या भागाला हा विषय परका नाही. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची उभारणी कल्याणच्या खाडीच्या काठी सुरू झाली. तिथला दुर्गाडी किल्ला ठाकुर्लीहून जवळच आहे. आज इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या भारतीय क्लासिफिकेशन सोसायटीचं मुख्यालय पवईत आहे, आयआयटी मुंबईही पवईतच, आणि माझगाव डॉक हार्बर लाइनच्या डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ. ठाकुर्लीला फास्ट गाड्या थांबत नाहीत, पण स्लो लोकल पवईसाठी कांजूरमार्गला उतरवते आणि कुर्ल्याला गाडी बदलली की डॉकयार्ड रोड गाठता येतं. एवढ्या पट्ट्यात जहाजाच्या विषयाची इतकी ठिकाणं असणं ही मोठी सोय आहे, आणि ती पुरेशी वापरली जात नाही असं मला वाटतं.

मोटारीचं सीएफडी आणि जहाजाचं

पंप, पंखे, मोटारी यांवर सीएफडी केलेल्या अभियंत्याला जहाजाकडे आल्यावर पहिला अडथळा लागतो तो पाण्याच्या पृष्ठभागाचा. जहाज हवा आणि पाणी यांच्या सीमेवर चालतं. चालताना लाटा उठवतं, आणि त्या लाटा उठवायला लागणारी ऊर्जा इंजिनाकडूनच जाते. म्हणजे रेझिस्टन्सचे दोन मोठे भाग झाले: हलच्या कातडीला घासणाऱ्या पाण्याचं घर्षण, आणि लाटा व दाबामुळे येणारा बाकीचा भाग.

विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने हे दोन भाग वेगळे केले आणि १८७२ साली टॉर्कीला आपल्या टोइंग टँकमध्ये मॉडेलं ओढायला सुरुवात केली. त्याचा मुद्दा आजही कामाचा आधार आहे. मॉडेल आणि खरं जहाज यांचा फ्रूड नंबर (वेग भागिले, गुरुत्वत्वरण गुणिले लांबी यांचं वर्गमूळ) सारखा ठेवला तर लाटांचं चित्र सारखं राहतं. घर्षण मात्र रेनॉल्ड्स नंबरवर चालतं, आणि दोन्ही नंबर एकाच वेळी जुळवणं टँकमध्ये जमत नाही. म्हणून मॉडेलचं घर्षण वेगळं काढून, खऱ्या जहाजाचं घर्षण हिशोबाने पुन्हा जोडावं लागतं. ही गोष्ट ज्याच्या डोक्यात पक्की नाही, त्याने ओपनफोम या खुल्या सॉफ्टवेअरमधला इंटरफोम किंवा कुठलाही महागडा सॉल्व्हर उघडू नये. तो मॉडेलचा आकडा जहाजाचा म्हणून सांगेल आणि तो आकडा डिझाइनमध्ये जाईल.

एक उदाहरण वहीत

नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात मी संगणक देत नाही. एक हल आणि एक कॅल्क्युलेटर पुरतो. हल निवडायची ती अशी, जिची मोजमापं जगाला खुली आहेत. त्यासाठी ड्युइसबुर्ग टेस्ट केस उत्तम. जर्मनीतल्या ड्युइसबुर्ग-एसेन विद्यापीठात संशोधनासाठी आखलेलं हे सुमारे १४,००० कंटेनर वाहणारं, ३५५ मीटर लांबीचं जहाज. त्याचं ५९.४ पट लहान मॉडेल टँकमध्ये ओढून मोजमापं प्रसिद्ध झालेली आहेत, आणि तीच हल ओपनफोमबरोबर ट्युटोरियल म्हणून मिळते. ओपनफोम २००४ पासून खुलं आहे, त्याला लायसन्सचे पैसे पडत नाहीत.

मॉडेलची लांबी ५.९७६ मीटर, वेग सेकंदाला १.६६८ मीटर, ओलं क्षेत्रफळ ६.२४३ चौरस मीटर. पाण्याची घनता ९९८.८ किलो प्रति घनमीटर, कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी ०.०००००१०९ चौरस मीटर प्रति सेकंद. आता वहीत चला.

रेनॉल्ड्स नंबर म्हणजे वेग गुणिले लांबी भागिले व्हिस्कॉसिटी. येतो सुमारे ९१.४ लाख. आंतरराष्ट्रीय टोइंग टँक परिषदेचं, म्हणजे आयटीटीसीचं, १९५७ चं सूत्र घ्या: रेनॉल्ड्स नंबरचा दहाच्या पायाचा लॉगरिदम काढायचा, त्यातून २ वजा करायचे, वर्ग करायचा आणि ०.०७५ ला त्याने भागायचं. लॉग ६.९६, वजा २ केल्यावर ४.९६, वर्ग २४.६. घर्षणाचा गुणांक ०.००३०५. आता अर्धी घनता, ओलं क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांचा गुणाकार करा, सुमारे ८,६७५ येतो. त्याला ०.००३०५ ने गुणलं की घर्षण साधारण २६.४ न्यूटन.

टँकमध्ये या वेगाला मोजलेला एकूण रेझिस्टन्स ३१.८३ न्यूटन आहे. म्हणजे ८३ टक्के घर्षण, आणि उरलेले साडेपाच न्यूटनच्या आसपास लाटा व दाबाचे. एक पान खर्ची पडलं आणि सॉल्व्हर सुरू होण्याआधीच तुम्हाला कळलं की उत्तर कुठे पडायला हवं. उद्या संगणकाने घर्षण ४० न्यूटन दाखवलं तर मेशमध्ये गोंधळ आहे हे सांगायला कुणी वरिष्ठ लागणार नाही.

याच पानावर खऱ्या जहाजाचा हिशोबही करून टाका. तोच फ्रूड नंबर ठेवला तर ३५५ मीटरच्या जहाजाचा वेग २५ नॉट येतो आणि रेनॉल्ड्स नंबर चारशे कोटींच्या जवळ जातो. घर्षणाचा गुणांक ०.००३०५ वरून ०.००१३ वर उतरतो, निम्म्याहूनही खाली. फ्रूडने दीडशे वर्षांपूर्वी जे सांगितलं ते एका वजाबाकीत हाती लागतं.

आता रन करा. इथे एक ठेच ठरलेली आहे. ट्युटोरियलमध्ये अर्धीच हल असते, मधल्या उभ्या पातळीवर सममिती धरलेली. त्यामुळे फोर्सच्या फाइलमध्ये येणारा आकडा अर्ध्या जहाजाचा, सोळा न्यूटनच्या आसपास. वही न केलेला मुलगा यावर दोन दिवस सेटिंग बदलत बसतो. वही केलेला आकडा दुप्पट करतो आणि पुढे जातो. दुसरं, फाइलमध्ये दाबाचा आणि घर्षणाचा भाग वेगवेगळा लिहिलेला असतो. दोन्ही तुमच्या पानाशी ताडा, नुसती बेरीज ताडू नका. एक भाग जास्त आणि दुसरा कमी येऊन बेरीज जमून जाते, असं बरेचदा घडतं, आणि तसं जमलेलं उत्तर पुढच्या हलवर आपटतं. तिसरं, टँकमध्ये मॉडेलला सहसा थोडं खाली बसायची आणि पुढे-मागे कलायची मोकळीक असते, मूळ ट्युटोरियलमध्ये हल जागच्या जागी धरलेली आहे. त्यामुळे काही टक्क्यांचा फरक राहिला तर त्याला कारण आहे, आणि ते कारण अहवालात लिहायचं.

मेशचं माप

मेश बारीक करा, आणखी बारीक करा, असा सल्ला सगळे देतात. किती बारीक, हे मात्र वहीतून निघतं. लाटेची लांबी म्हणजे २π गुणिले वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण. वरच्या मॉडेलला ती येते १.७८ मीटर. आयटीटीसीच्या मार्गदर्शनानुसार एका लाटेच्या लांबीत किमान ४० बिंदू हवेत. म्हणजे पृष्ठभागाच्या पट्ट्यात प्रवाहाच्या दिशेने साडेचार सेंटिमीटरहून मोठा सेल चालणार नाही. उभ्या दिशेने त्याहून बराच पातळ हवा.

हलला लागून असलेल्या थराचंही तसंच. वॉल फंक्शन वापरणार असाल तर पहिल्या सेलचं वाय प्लस (भिंतीपासूनचं एककरहित अंतर) साधारण ३० च्या वर राहायला हवं. समजा ६० धरलं. घर्षणाच्या गुणांकावरून फ्रिक्शन व्हेलॉसिटी सेकंदाला ०.०६५ मीटर निघते, तिच्यावरून सेलचा मध्यबिंदू हलपासून एक मिलिमीटरवर, म्हणजे पहिला थर दोन मिलिमीटर जाडीचा. सहा मीटर लांब मॉडेलवर दोन मिलिमीटरचा थर, आणि तोही पुढच्या बल्बच्या गोलाईवर आणि मागच्या निमुळत्या भागावर न तुटता बसायला हवा. ओपनफोममधला मेश पाडणारा स्नॅपीहेक्समेश तिथे बरेचदा थर टाकून देतो. म्हणून रन सुरू करण्याआधी पॅराव्ह्यू या चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मागचा भाग जवळून फिरवून पाहा. या पाहण्यात गेलेला अर्धा तास नंतरचे दोन दिवस वाचवतो.

एका मेशवरचं उत्तर म्हणजे नुसतं एक उत्तर. भरवसा किती हे कळायला एकाच पद्धतीने पाडलेल्या तीन मेश लागतात. प्रत्येक दिशेला सेल वर्गमूळ दोन पट बारीक केला तर एकूण सेल सुमारे २.८ पट वाढतात. समजा ८ लाखांपासून सुरुवात केली, तर दुसरी मेश साडेबावीस लाखांची, तिसरी ६४ लाखांची. तिन्ही उत्तरं एका दिशेने सरकत जवळ येत असतील तर फरकावरून अनिश्चिततेचा अंदाज काढता येतो. तिन्ही उड्या मारत असतील तर तिसरी मेश कितीही मोठी असो, तुमच्या हातात अजून काही नाही. पोरांना हे काम कंटाळवाणं वाटतं, आणि अभियंता घडतो तो याच कामात. ते टाळायची सवलत कुणालाही देऊ नये.

मशीनबद्दल सगळ्यांना धास्ती असते, तेवढी गरज नाही. ओपनफोमला दहा लाख सेलमागे साधारण एक ते दोन जीबी रॅम पुरते, मेश पाडताना थोडी जास्त. १६ जीबीच्या लॅपटॉपवर पहिल्या दोन मेश होतात. घरच्या मशीनवर सगळे कोअर लावून वेग वाढेल ही आशा मात्र सोडा. चार-सहा कोअरनंतर अडतं ते मेमरीच्या वेगाशी. तिसरी मेश कॉलेजच्या लॅबमध्ये, शनिवारी रात्री लावून सोमवारी पाहायची.

पाटणकरांचं पुस्तक

सॉल्व्हरच्या आत काय चालतं ते किती शिकावं? माझं मत ठाम आहे: एकदा तरी स्वतःच्या हाताने छोटा कोड लिहावा. चौकोनी डब्याचं वरचं झाकण सरकतंय आणि आतलं पाणी फिरतंय, एवढाच प्रश्न, द्विमितीय, पायथॉनमध्ये. त्यासाठी सुहास पाटणकरांचं १९८० सालचं पुस्तक घ्या. पाटणकर मूळचे पुण्याचे. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजमधून १९६२ मध्ये पदवी, १९६४ मध्ये आयआयटी मुंबईतून एम.टेक., १९६७ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधून पीएच.डी. तिथे ब्रायन स्पाल्डिंग यांच्याबरोबर त्यांनी १९७२ मध्ये जी पद्धत मांडली, ती सिंपल या नावाने जगभर चालते. न दाबता येणाऱ्या प्रवाहात दाबाचं स्वतंत्र समीकरण नसतं. आधी दाब गृहीत धरायचा, वेग काढायचा, वस्तुमान जुळत नाही ते पाहून दाब सुधारायचा, पुन्हा वेग. इंटरफोममधलं पिंपल हे चक्र सिंपल आणि पिसो या दुसऱ्या पद्धतीच्या जोडीतूनच बनलं आहे. स्क्रीनवर धावणाऱ्या रेसिड्युअलच्या ओळी म्हणजे हीच सुधारणा किती उरली त्याचा हिशोब. पाटणकरांची शंभर पानं समजून वाचलेला माणूस रन कोसळल्यावर घाबरत नाही. कुठल्या पदाने दगा दिला ते तो शोधू लागतो.

पाणी आणि हवा यांची सीमा पकडायची पद्धत वेगळी, हर्ट आणि निकोल्स यांची १९८१ ची व्हॉल्युम ऑफ फ्लुइड. प्रत्येक सेलमध्ये पाण्याचा वाटा शून्य ते एक यांत किती, एवढंच ती लिहून ठेवते. हलच्या तळाशी मधेच ०.९ दिसू लागलं तर हिशोबात हवा शिरली आहे असं समजा. त्यामुळे घर्षण कमी दिसतं आणि उत्तर फसवं गोड येतं. वेगवान बोटींच्या कामात हा त्रास नेहमीचा.

आयआयटी मुंबईतले प्राध्यापक अतुल शर्मा यांचंही सीएफडीवरचं पाठ्यपुस्तक आहे. तिथल्याच फॉसी प्रकल्पाने ओपनफोमसाठी ट्युटोरियलं आणि केस स्टडीचा उपक्रम चालवला आहे. केस स्टडी पूर्ण करून दाखवली की ती तज्ज्ञांकडून तपासली जाते. खासगी क्लासला हजारो रुपये भरण्याआधी हे करून पाहा. क्लास लावायचाच असेल तर आधी दोन गोष्टी विचारा: कोणत्या हलच्या मोजमापांशी उत्तर ताडायला शिकवणार, आणि मेशचा अभ्यास किती तासांचा? यावर उत्तराऐवजी नोकरीची हमी ऐकायला मिळाली तर पैसे खिशातच ठेवा.

आपल्या खाडीतली फेरी

पाठ्यपुस्तकातली हल झाली की पुढचा प्रकल्प आपल्या दारातला घ्यावा. उल्हास नदी आणि वसईच्या खाडीतला कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला आहे. त्यावर प्रवासी फेऱ्या चालवायच्या आणि डोंबिवलीसह ठिकठिकाणी जेट्टी बांधायच्या अशी योजना आहे. अशा फेरीबोटीचा रेझिस्टन्स काढणं हा प्रशिक्षणासाठी फार चांगला विषय आहे, कारण उथळ पाण्यात समुद्राचे अंदाज लागू पडत नाहीत.

पुन्हा वही. समजा ओहोटीला मार्गात ३ मीटर पाणी आहे. गुरुत्वत्वरण गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ: सेकंदाला ५.४२ मीटर, म्हणजे साडेदहा नॉट. त्या खोलीत लाट याहून वेगाने धावूच शकत नाही. २० मीटरची बोट १० नॉटने जाऊ लागली की ती या मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर पोचते. तिच्यापुढे पाण्याचा ढीग साचतो, रेझिस्टन्स एकदम चढतो, बोट मागून खाली बसते आणि तिच्या लाटा काठावरच्या खारफुटीवर जाऊन आदळतात. तीच बोट ७ नॉटने गेली तर ६६ टक्क्यांवर राहते आणि गोष्टी बऱ्याच शांत होतात. म्हणजे वेळापत्रक, इंजिनाचा आकार आणि काठाची धूप हे तिन्ही प्रश्न एका वर्गमुळापाशी येऊन मिळतात. भरतीला पाणी वाढलं की हा आकडा बदलतो, म्हणून एकाच खोलीवर न थांबता तीन निरनिराळ्या खोलींवर रन करायचे.

इथे सीएफडीत एक गोष्ट हमखास चुकते. हिशोबात बोट जागेवर उभी असते आणि पाणी तिच्याकडे येतं. मग तळ कसा धरायचा? तळ स्थिर भिंत म्हणून ठेवला तर त्यावर एक खोटा बाउंडरी लेयर वाढत जातो आणि बोटीखालची वाट बुजवतो. खऱ्या खाडीत बोटीवरून पाहिलं तर तळ आणि पाणी दोन्ही बोटीच्या मागे सारख्याच वेगाने जात असतात. म्हणून तळाच्या भिंतीला येणाऱ्या पाण्याइतकाच वेग द्यायचा. फाइलमध्ये ही एकच ओळ असते. ती का लिहायची हे तोंडी समजावता येणारा विद्यार्थी कामाला तयार झाला असं मी धरतो.

बोटीपासून ठरावीक अंतरावर लाटेची उंचीही नोंदवा. प्रवासी बोटीच्या बाबतीत उद्या महानगरपालिका, मच्छीमार आणि काठावरचे लोक विचारणार ते याच आकड्याबद्दल. मात्र लाट दूरवर टिकवायची तर मेश तिथपर्यंत बारीक ठेवावी लागते, नाहीतर लाट संगणकातच विरते आणि खाडी खोटी शांत दिसते.

शिकवणाऱ्यांसाठी

ऑफिसात किंवा कॉलेजात ज्यांच्याकडे शिकवण्याची जबाबदारी आहे, त्यांना एक पद्धत आग्रहाने सुचवतो. मोजलेला आकडा आधी सांगू नका. सगळ्यांना एकच हल आणि एकच वेग द्या, प्रत्येकाने आपला आकडा आणि त्यावरची टक्केवारी कागदावर लिहून द्यायची, मग टँकचं माप उघडायचं. उत्तर माहीत असलं की माणूस नकळत मेश आणि टर्ब्युलन्स मॉडेल फिरवत त्या उत्तराकडे सरकतो. ही सवय लागली की नवी हल, जिचं माप अजून कुणाकडेच नाही, ती समोर आल्यावर त्याच्या हाताशी काही उरत नाही. लॉइड्स रजिस्टरने २०१६ साली साउथॅम्प्टनच्या कार्यशाळेत जगभरच्या गटांसाठी हीच झाकून ठेवण्याची पद्धत वापरली होती. 'रीगल' नावाच्या मालवाहू जहाजाच्या समुद्रातल्या चाचण्यांचे आकडे झाकून ठेवले आणि आधी सर्वांचे हिशोब मागवले. आपल्या चार जणांच्या गटातही हे करता येतं. कोरियन संस्थेच्या केसीएस या कंटेनर जहाजाचं साहित्य खुलं आहे, ते दुसऱ्या फेरीसाठी वापरा.

शक्य असेल तर एकदा तरी टोइंग टँक प्रत्यक्ष दाखवा. आयआयटी खरगपूर आणि आयआयटी मद्रासकडे टँक आहेत, विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेत, एनएसटीएलमध्ये, ५०० मीटर लांबीचा आहे. जवळचं म्हणाल तर खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था. १९१६ पासूनची ही संस्था बंदरांची आणि खाड्यांची मोठाली मॉडेलं उभारते. खरं पाणी पाहिलेल्या माणसाला पॅराव्ह्यूमधली खोटी लाट लवकर ओळखता येते.

आणखी एक शिस्त पहिल्या दिवशीच लावा. कंपनीची किंवा नौदलाची हल सरावासाठी स्वतःच्या लॅपटॉपवर न्यायची नाही, मित्राला पाठवायची नाही. या क्षेत्रात विश्वास गेला की काम गेलं. सरावाला खुल्या हल भरपूर आहेत.

पुढची वाट

पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असेल तर खरगपूरला जहाजबांधणीचं शिक्षण १९५२ पासून चालू आहे, मद्रासला ओशन इंजिनिअरिंग आहे, कोचीनच्या विद्यापीठात शिप टेक्नॉलॉजी आणि विशाखापट्टणमला इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचा कॅम्पस. गेट परीक्षेत २०२२ पासून नेव्हल आर्किटेक्चर आणि मरीन इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला त्यातला फ्लुइड मेकॅनिक्सचा भाग ओळखीचा वाटेल, स्टॅबिलिटी आणि हलची भूमिती मात्र नव्याने शिकावी लागेल. घर सोडता येत नसेल तर सागरमाला कार्यक्रमातून उभ्या राहिलेल्या सीईएमएस या केंद्राचं मुंबईतलं काम पवईत, इंडियन रजिस्टरच्या आवारात चालतं. तिथले कोर्स पाहा. नोकरीच्या दृष्टीने माझगाव डॉक आणि वास्कोचं गोवा शिपयार्ड यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, आणि कोचीतल्या डिझाइन फर्म व पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्याही सोडू नका. पुण्यात सीएफडी सॉफ्टवेअरच्या सपोर्टमध्ये दोन वर्षं काढून जहाजाकडे वळणं हाही चांगला रस्ता आहे.

मुलाखतीला जाताना रंगीत चित्रांचं सादरीकरण नेऊ नका. चार पानांचा अहवाल न्या. पहिल्या पानावर वहीतला हिशोब, दुसऱ्यावर तीन मेशची तीन उत्तरं आणि त्यावरून काढलेली अनिश्चितता, तिसऱ्यावर टँकच्या मापाशी तुलना, दाब आणि घर्षण वेगवेगळं. चौथ्या पानावर जे जुळलं नाही ते, आणि ते का जुळलं नसावं याबद्दल तुमचा अंदाज. समोर अनुभवी माणूस असेल तर तो आधी चौथं पान उघडेल आणि प्रश्न तिथूनच विचारेल. त्याची तयारी करून जा.